खासदार निधी, नातेवाइकांचा निवारा आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या रुग्णालयाच्या आवारात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा उभा राहिला, याचा आनंद आपणा सर्वांना आहे. परंतु दर्शनी भिंतीवरील फलक पाहून काही जुन्या देणगीदारांनी आम्हांस विचारले, "आता सरकारी पैसा मिळू लागला, मग आमच्या देणगीची गरज काय?" प्रश्न रास्त आहे. आजचा वेळ त्यासाठीच घेत आहोत.

दिल्लीला गेलेल्या आपल्या माणसाने भागासाठी काहीतरी आणावे, ही अपेक्षा कृष्णाकाठाला नवी नाही. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली तेव्हा कै. यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढच्याच वर्षी ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि आपल्या लोकांची ही अपेक्षा आणखी वाढली. मात्र तेव्हा खासदाराच्या हाती स्वतःचा असा निधी नव्हता. तो आला डिसेंबर १९९३ मध्ये, खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजनेच्या रूपाने. पहिल्या वर्षी प्रत्येक खासदारास ५ लाख रुपये मिळाले, १९९४-९५ पासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून वर्षाला ५ कोटी.

५ कोटी हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यामुळे भागाकार केल्यावाचून राहवत नाही. सातारा लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात, सांगलीतही सहाच. म्हणजे एका क्षेत्राच्या वाट्यास वर्षाला सरासरी ८३ लाख. त्यातच रस्ते, शाळाखोल्या, पाणी, समाजमंदिरे, आणि त्यातच अनुसूचित जाती व जमातींच्या वस्त्यांसाठी निधीचा ठरावीक हिस्सा. शिवाय आपले रुग्ण मतदारसंघाच्या सीमा पाहून आजारी पडत नाहीत. माण-फलटणचा रुग्ण माढा मतदारसंघातला, वाळवा-शिराळ्याचा हातकणंगल्यातला. नातेवाईक विचारतात, "साहेब, पत्र कोणत्या खासदारांचे आणायचे?" तेव्हा त्यांचा तालुका विचारून घ्यावा लागतो.

आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हा पैसा खासदारांच्या हाती येत नाही. ते कामाची शिफारस करतात. तपासणी, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत होतो. योजनेवर टीका पुष्कळ झाली. २००५ च्या डिसेंबरात काही खासदारांचे टक्केवारीविषयीचे बोलणे छुप्या कॅमेऱ्याने देशासमोर आणले. योजनाच घटनाबाह्य आहे, असा दावाही झाला. ६ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो फेटाळला. आमच्या मनातही शंका होत्या. राजकीय फलक लागला तर संस्थेकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलेल, असे काही विश्वस्तांना वाटत होते, आणि ते वाटणे चुकीचे होते असे आम्ही आजही म्हणणार नाही.

मग मन का वळले? ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले होते. रस्ते बंद होते. घरी परतू न शकलेले नातेवाईक आपल्या जिन्याखाली, औषधांच्या खिडकीसमोर, वाहनतळावरच्या पत्र्याखाली दिवसच्या दिवस राहिले. बाळंतिणीची आई ओल्या लुगड्यानिशी व्हरांड्यात बसून रात्र काढते, हे पाहिल्यावर फलकाचा विचार मागे पडला. निर्धन रुग्ण निधीतून निवारा बांधता येत नाही. तो पैसा उपचारांसाठीच आहे. मंडळाने एकमताने ठराव केला आणि आम्ही खासदारांकडे अर्ज दिला. शिफारसपत्र मिळाले.

यापुढील विलंबाचा पहिला दोष आमचाच आहे, तो इथे नोंदवतो. जागा आपल्याला दानात मिळून अनेक वर्षे झाली होती, परंतु सातबारावर फेरफार झालेलाच नव्हता. दात्याचेच नाव चालत होते. निधन पावलेल्या एका विश्वस्तांच्या जागी नव्या नावाचा बदल अर्जही धर्मादाय कार्यालयात वेळेवर दाखल केला नव्हता. ही कामे आमच्या टेबलावरची. कागद पुरे करेपर्यंत कोरोना आला. ६ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने दोन वर्षांसाठी खासदार निधी थांबवला आणि ती रक्कम साथीच्या कामी वळवली. आपल्या कामास प्रशासकीय मंजुरी मिळालेली नव्हती, त्यामुळे फाइल परत आली. चार महिने आधी कागद दिले असते तर? हा प्रश्न आम्ही स्वतःस अनेकदा विचारला आहे. त्याच काळात नातेवाइकांना आवारात थांबू देण्याचीही सोय उरली नव्हती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली. त्या वर्षाच्या उरलेल्या काळासाठी २ कोटी आणि पुढच्या वर्षापासून पूर्ववत ५ कोटी. आम्ही नव्याने अर्ज केला, नव्याने शिफारस मिळवली. सिमेंट-लोखंडाचे भाव वाढल्याने जुने अंदाजपत्रक उपयोगाचे राहिले नव्हते. मधल्या फरकासाठी दोन कुटुंबांनी, नाव न छापण्याच्या अटीवर, मदत केली. त्यांचे ऋण आम्ही मानतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या निधीतून इमारत होते. इमारत चालवण्यास एक रुपयाही मिळत नाही. बांधकामाची मालकी शासनाकडे राहते. आपण करार करून देखभाल, वीज, पाणी, स्वच्छता यांची जबाबदारी स्वीकारली आहे, आणि शासनाच्या परवानगीवाचून ती वास्तू विकता किंवा दुसऱ्यास देता येणार नाही. एका संस्थेस या निधीतून किती घ्यावे यासही मर्यादा आहे, म्हणून दरवर्षी हात पुढे करण्याचा मार्गही नाही. रात्रपाळीचा पहारेकरी, स्वच्छतागृह झाडणाऱ्या मावशी, गरम पाण्याचा बंब, चादरींची धुलाई, हा खर्च दर महिन्याच्या पहिल्या तारखेस उभा राहतो. तो भागतो तुमच्या पावत्यांवर.

फलकावर योजनेचे व खासदारांचे नाव आहे. नियमानेच ते लावावे लागते. निवडणुकीच्या काळात तिथे कोणत्याही पक्षाने सभा किंवा सत्कार ठेवू नये, असा ठराव मंडळाने केला असून सर्व पक्षांच्या स्थानिक कार्यकर्त्यांना त्याची प्रत दिली आहे. एकाने नाराजी दाखवली. चहा घेऊन गेले.

निवाऱ्याचे हिशेब या वर्षापासून स्वतंत्र खात्यावर ठेवले आहेत आणि ते लेखापरीक्षकांच्या अहवालासोबत जोडले आहेत. स्त्रियांच्या दालनाचे दार रात्री दहा वाजता बंद होते. किल्ली प्रमुख परिचारिकांकडे असते. तक्रारवही दाराशीच टांगली आहे. तिच्यात आतापर्यंत सर्वाधिक तक्रारी डासांच्या आहेत. खिडक्यांना जाळ्या बसवण्याचे दरपत्रक आले असून आजच्या विषयपत्रिकेत ते मंजुरीसाठी ठेवले आहे.