घोकलेलं नको, तुझं सांग

३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, शाळेत मुलींची भाषणं होतात. गुरुजींनी लिहून दिलेली, घोकलेली. एक ओळ विसरली की पोर रडवेली! यंदा आम्ही गटातल्या बायांनी मुलींना म्हटलं, स्वतःची कविता म्हणा, मग ती का सुचली तेही सांगा. सातवीतल्या एकीनं हंड्यावर कविता म्हटली. नंतर म्हणाली, "पाण्यापायी माझा पहिला तास रोज बुडतो." सरपंचबाई समोरच बसलेल्या.

लिहिता येत नाही म्हणून अडू नका. बहिणाबाई चौधरींना कुठं येत होतं? कामं करता करता त्या बोलल्या, लेक सोपानदेवांनी टिपून ठेवलं, १९५२ साली पुस्तक झालं. पोरीची भाषा तेवढी सुधारू नका. 'पानी' म्हणाली तर 'पानी'च राहू द्या.