धावत्याचा काळ मंद का चालतो?
(मंडळाच्या टेंभुर्णी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच टेंभुर्णीत, आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभाच्या अखेरीस, दहावीत उत्तम गुण मिळविलेल्या एका मुलीने उभे राहून आम्हांस विचारले, "वेगाने जाणाऱ्या वस्तूचा काळ हळू चालतो असे म्हणतात, तो का हळू चालतो?" सभेत थोडा हशा पिकला. बाहेर पंगतीची पाने मांडली जात होती. "शास्त्रज्ञांनी तसे सिद्ध केले आहे, बाळ," एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. मुलगी निमूट खाली बसली. मुलांना बक्षिसे द्यावीत आणि त्यांचे प्रश्न मात्र हसण्यावारी न्यावेत, ही गोष्ट आमच्या मनास वर्षभर टोचत राहिली. म्हणून आज ते ऋण फेडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम आपल्याच रस्त्यावर उभे राहू. पुणे-सोलापूर हमरस्त्यावरून एस.टी.ची गाडी चालली आहे. आतील मुलाने चेंडू सरळ वर उडविला आणि झेलला. रस्त्याकडेच्या माणसास मात्र तोच चेंडू तिरका चढून तिरका उतरताना दिसला, कारण तेवढ्या अवधीत गाडी पुढे गेली. त्याच्या हिशेबी चेंडूने अधिक अंतर कापले. मग वेळही अधिक लागला काय? नाही. गाडीचा वेग चेंडूच्या वेगात मिळाला. अंतर वाढले तसा वेगही वाढला, आणि वेळ दोघांचा सारखाच राहिला.

आता चेंडूच्या जागी प्रकाशाचा किरण घ्या. गाडीच्या तळाशी एक आरसा व छतास एक आरसा, आणि दोहोंमध्ये किरणाची ये-जा. किरणाची प्रत्येक खेप म्हणजे या घड्याळाचा एक ठोका. येथे मात्र चेंडूचा न्याय लागू पडत नाही. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर आहे, आणि मोजणारा स्थिर असो की धावता, तो तितकाच भरतो. गाडीचा वेग त्यात मिळत नाही. १८८७ साली मायकेलसन व मोर्ले यांनी अमेरिकेत पृथ्वीच्या गतीमुळे प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक कसोशीने शोधला. अपेक्षित फरक सापडला नाही. १९०५ साली बर्न येथील पेटंट कचेरीत नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आल्बर्ट आइन्स्टाइनने हाच निसर्गाचा नियम मानला आणि त्यावरून पुढील निष्कर्ष काढला.

तो निष्कर्ष आपला गवंडीही पडताळू शकेल. पाया आखताना तो ३, ४ आणि ५ हात दोरीचा त्रिकोण करून काटकोन साधतो. गाडी प्रकाशाच्या तीन-पंचमांश वेगाने चालली आहे असे समजा. किरण तिरका ५ हात जातो तेवढ्यात गाडी ३ हात पुढे सरकते. अर्थात छताची उंची ४ हात ठरते. गाडीतील माणसाच्या दृष्टीने किरण ४ हात गेला, रस्त्यावरील माणसाच्या दृष्टीने ५ हात. आणि किरणाचा वेग तर दोघांनाही एकच. तेव्हा रस्त्यावर ५ ठोक्यांचा काळ जातो, त्यात गाडीतील घड्याळाचे ४ च ठोके पडतात. वेग वाढू शकत नाही, म्हणून काळास नमते घ्यावे लागते. आमच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

कोणी म्हणेल, हा आरशाच्या घड्याळाचा दोष असेल. मनगटावरील घड्याळाचे काय? त्याचे काय नि हृदयाच्या ठोक्यांचे काय, सर्व एकाच प्रमाणात मंदावतात. तसे न होते, तर दोन घड्याळे ताडून प्रवाशास आपली गती आतल्या आत कळली असती. परंतु संथ, एकसारख्या गतीने चाललेल्या वाहनात कोणत्याही प्रयोगाने ती कळत नाही. म्हणूनच प्रवाशास काहीच वेगळे जाणवत नाही. उलट, त्याच्या मापाने रस्त्यावरीलच घड्याळ मंद असते. मात्र एक जण घरीच राहिला आणि दुसरा दूर जाऊन, वळून परत आला, तर परतणाऱ्याचेच वय कमी भरते; कारण मध्येच वळावे लागल्याने दोघांचा प्रवास सारखा राहत नाही.

मग आपणांस हे अनुभवास का येत नाही? ताशी ७२ किलोमीटर वेगाने, रोज ८ तास, अशी ३० वर्षे गाडी हाकणाऱ्या चालकाचा केवळ वेगामुळे वाचलेला काळ आम्ही मांडून पाहिला. तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकाही भरत नाही. आपले वेग प्रकाशापुढे फारच थिटे आहेत.

परंतु निसर्गात प्रकाशाच्या जवळपास धावणारे प्रवासी आहेत, आणि त्यांच्या कथेत आपल्या मुंबईच्या एका सुपुत्राचा वाटा आहे. १९०९ साली मुंबईत जन्मलेले डॉ. होमी भाभा १९३८ साली केंब्रिज येथे संशोधन करीत होते. विश्वकिरणांत तेव्हा नव्यानेच आढळलेल्या जड कणाविषयी त्यांनी असा विचार मांडला की, असा कण आपोआप नष्ट होत असेल तर तो स्वतःच एक घड्याळ आहे. आणि तो वेगात असेल तर सापेक्षतेच्या नियमाने त्याचे आयुष्य आपल्या मापाने वाढले पाहिजे. १९४१ साली रोसी व हॉल यांनी अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशात वेगवेगळ्या उंचीवर मोजणी करून तसेच घडते असे दाखविले. या कणास आज म्यूऑन म्हणतात. त्याचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सव्वादोन पटीहूनही किंचित कमी. तेवढ्यात प्रकाशदेखील सुमारे ६६० मीटरच जाईल. आणि हे कण जन्मतात सुमारे १५ किलोमीटर उंचीवर. काळ मंदावला नसता तर त्यांतील क्वचितच कोणी भूमीवर पोहोचता. प्रत्यक्षात आपण तळहात पसरला, तर दर सेकंदास सुमारे एक म्यूऑन त्यातून आरपार जातो. या क्षणी या मंडपात, आपणां सर्वांच्या हातांतून, हा पुरावा वाहत आहे.

व्यवहारातही हे ज्ञान कामी येते. टेंभुर्णीच्या चौकात मालमोटारीचा चालक भ्रमणध्वनीवर वाट पाहतो, ती उपग्रहांवरील घड्याळांच्या आधारे. जी.पी.एस.ची ही घड्याळे वेगामुळे दिवसास सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांपैकी ७ भाग मागे पडतात, आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ भाग पुढे जातात. हा ३८ भागांचा फरक सुधारला नाही, तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल.

गेल्या वर्षी एका आदरणीय वडिलांनी रेवतीच्या कथेची आठवण दिली होती. राजा ककुद्मी कन्येसाठी वर विचारण्यास ब्रह्मलोकी गेला, आणि परतला तो पृथ्वीवर अनेक युगे लोटलेली! कथा रम्य आहे, आणि आपल्या पूर्वजांच्या कल्पनाशक्तीचा आम्हांस अभिमान आहे. परंतु किती वेगास किती फरक, हा हिशेब तीत नाही, आणि पडताळाही नाही. कथेस कथेचा मान द्यावा, प्रयोगास प्रयोगाचा. एकाची पगडी दुसऱ्याच्या मस्तकी घालू नये.

बंधुभगिनींनो, सापेक्षतेची विद्या आपणांस परकी नाही. कोल्हापुरात १९०८ साली जन्मलेल्या विष्णु वासुदेव नारळीकरांनी बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात ती शिकविली. त्यांचे चिरंजीव, २०२५ साली दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर, यांनी विज्ञान मराठीतून घरोघरी नेले. ज्या घरी मुलांच्या प्रश्नास हसत नाहीत, त्या घरी विद्या टिकते.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून गुणगौरवानंतर, पाने मांडण्यापूर्वी, अर्धा तास केवळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. उत्तर ठाऊक नसेल तर वडिलांनी तसे मोकळेपणाने सांगावे, आणि वर्षभरात शोधून आणावे. आम्हांस एक वर्ष लागले, याबद्दल त्या मुलीची आम्ही क्षमा मागतो. ती आज पुढच्याच रांगेत बसली आहे. तिचे समाधान झाले नसेल, तर तिने पुन्हा उभे राहावे. पंगत थोडी थांबेल.