उभं पीक आणि कणगी

इंग्रज कवी कीट्सचं ते सुनीत तुमच्यापैकी पुष्कळांनी कॉलेजात वाचलं असेल. मनात दाटलेलं कागदावर उतरायच्या आत मरण आलं तर, अशी धास्ती सांगणारं. मला त्याबद्दल एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका. हे लिहिलं तेव्हा कीट्स आजारी नव्हता. जानेवारी १८१८, वय २२. छातीतून रक्त पडलं ते फेब्रुवारी १८२० मध्ये. आपण मधली दोन वर्षं पुसून टाकतो आणि धडधाकट पोराच्या चौदा ओळी रोग्याच्या उशाशी नेऊन ठेवतो. वर्गात गळा दाटून शिकवतात. कशाला?

घरात क्षय होता, हे कबूल. आई त्याच्या चौदाव्या वर्षीच गेली होती, धाकटा भाऊ टॉम खोकत होता. पण सुनीताची सुरुवात बघा. तिथे खोकला नाही, धान्य आहे. मन म्हणजे शेत, पुस्तकं म्हणजे कणगी.

माझी आजी सुगीआधी कणगी शेणानं लिंपून उन्हात ठेवायची. ज्वारी अजून शेतातच उभी. त्या दिवसांत आभाळ भरून आलं की तिचा जीव थाऱ्यावर नसे. शेजारच्या पडीक रानाचा मालक मात्र तेच आभाळ बघून खूश! ज्याच्या शेतात काही नाही, त्याला अवकाळीचं भय कसलं? कणसं भरलेली असली, खळं अजून लांब असलं, तरच पोटात गोळा येतो. कीट्सचं भय हे असं आहे. भरल्या शेताचं. आजाऱ्याचं नव्हे, पुन्हा सांगतो.

याला प्रेयसीच्या विरहाचं काव्य म्हणणाऱ्यांनी तर नीट वाचलेलंच नाही. आधी धान्य, मग रात्रीचं आभाळ, तिचा नंबर तिसरा. आणि ती म्हणजे कीट्सची पुढची प्रेयसी फॅनी ब्रॉन नव्हे, फॅनीची गाठ अजून पडायची होती.

पुढच्याच वर्षी कणगी भरली. १८१९ च्या वसंतात ती मोठी ‘ओड’ काव्यं, सप्टेंबरात शरदावरची कविता. तिच्यात तर ऋतूच कोठाराच्या जमिनीवर निवांत बसलेला दिसतो.

आपल्याकडे सुनीत हा काव्यप्रकार केशवसुतांनी १८९२ मध्ये आणलं. ते १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले, चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्या शेतात काय उभं राहिलं होतं, यावर खरं तर... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण करताहेत.

एवढंच सांगून थांबतो. कीट्स फेब्रुवारी १८२१ मध्ये रोममध्ये वारला, वयाच्या पंचविसाव्या वर्षी. हे सुनीत त्यानं आपल्या एकाही पुस्तकात घेतलं नव्हतं. ते छापून आलं १८४८ मध्ये.