झाकलेला पियानो

लेक सासरी गेली आणि मी आमचा पियानो झाकून ठेवला. वर फुलदाणीही! दोन पावसाळ्यांनंतर उघडून पाहते तो पट्ट्या फुगून अडकलेल्या, आतल्या हातोड्यांची लोकर कसरीने खाल्लेली. दोष माझाच.

या वाद्यात सुमारे २३० तारा असतात. सगळ्यांचा मिळून ताण १५ टनांहून अधिक. दमट हवेने लाकूड फुगले की सूर ढळतो. म्हणून तो ओल धरणाऱ्या भिंतीपासून नि उन्हापासून दूर असावा. पावसाळा सरला की सूर लावणाऱ्याला बोलवावे. आपण होऊन आत तेल घालू नये. (मी तेही केले होते!)

दुरुस्तीनंतर रोज अर्धा तास मीच वाजवते, चुकतमाकत. दिवाळीला लेक आली, शेजारी बसली आणि डाव्या हाताची बाजू तिने धरली.