पहिलं वर्ष कुणाच्या जिवावर?

(उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



विषय जाहीर झाल्यापासून मला एकच प्रश्न विचारला जातोय : अमेरिकन फुटबॉलशी आपला काय संबंध? तुमच्यापैकी ज्या आजी-आजोबांनी सप्टेंबर ते जानेवारीच्या दरम्यान ह्यूस्टनला किंवा न्यू जर्सीला मुलाकडे मुक्काम केलाय, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. रविवारी दुपारी नातू टीव्हीसमोरून हलत नाही, पान वाढलंय म्हणून तीनदा सांगावं लागतं, आणि पडद्यावर शिरस्त्राणं घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर कोसळत असतात. (हशा) त्या ढिगाऱ्याखाली बहुतेक वेळा जो सापडतो, त्या तरुणाबद्दल मला आज बोलायचंय. त्याच्या जागेला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि तो पहिल्याच वर्षी खेळत असेल तर त्याला रुकी म्हणतात.

खेळाचे नियम मी लागतील तेवढेच सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात क्वार्टरबॅकपासून होते. त्याने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते इंटरसेप्शन. चेंडू फेकण्याआधीच त्याला पाडलं तर तो सॅक.

आता हे काम जरा जवळून पाहू. एक डाव संपला की पुढचा सुरू करायला साधारण चाळीस सेकंद मिळतात. क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात छोटा रेडिओ असतो. 1994 पासून ही सोय आहे. त्यातून प्रशिक्षक पुढच्या डावाचं नाव सांगतो. हे नाव म्हणजे दहा-बारा शब्दांची सांकेतिक माळ असते. ती एकदा ऐकायची, गोळा झालेल्या दहा सहकाऱ्यांना जशीच्या तशी सांगायची, आणि प्रत्येकाला आपापल्या जागी उभं करायचं. घड्याळात पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. समोरचे अकरा जण कसे उभे आहेत, त्यातला कोण धावून येणार, कोण नुसतं येण्याचं नाटक करतोय, हे त्याने ओळखायचं. चेंडू हातात आला की अडीच-तीन सेकंदांत पहिला साथीदार मोकळा आहे का, नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा, असं बघत चेंडू सोडायचा. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात.

जॉन एल्वे हा या खेळातला फार मोठा क्वार्टरबॅक. 1983 साली, पहिल्याच वर्षी, एका सामन्यात तो चेंडू घ्यायला, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या मागे उभा राहायचं सोडून शेजारच्याच खेळाडूच्या मागे जाऊन उभा राहिला. (हशा) आपण हसतो, पण नवख्याचं डोकं किती भरून गेलेलं असतं, हे यावरून कळावं.

यात क्रिकेटपेक्षा एक मोठा फरक आहे. नवा सलामीवीर शून्यावर बाद झाला तर निदान तंबूत परततो. त्याला तोंड लपवायला जागा मिळते. क्वार्टरबॅकला ती मिळत नाही. चूक झाली की बाकावर बसायचं, हातातल्या टॅब्लेटवर त्याच चुकीची छायाचित्रं बघायची, आणि पाच-दहा मिनिटांत त्याच माणसांसमोर पुन्हा उभं राहायचं.

या अडचणीचं मूळ मात्र मैदानाबाहेर आहे. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. 1936 पासून ही पद्धत आहे. नियम असा की आदल्या वर्षी जो संघ सगळ्यांत खाली राहिला, त्याने सगळ्यांत आधी निवडायचं. संघांची ताकद सारखी राहावी हा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण त्याचा परिणाम काय होतो बघा. देशातला सगळ्यांत गुणी मुलगा, जो विद्यापीठात जिंकत आलाय, तो नेमका सगळ्यांत मोडकळीला आलेल्या संघात जाऊन पडतो. तिथे प्रशिक्षक बहुधा नवा असतो, बचावफळी कच्ची असते, आणि गावाला वाटत असतं की आता तारणहार आला. बाविशी-तेविशीतल्या पोराच्या डोक्यावर हे सगळं ओझं येतं.

1998 चा ड्राफ्ट या विषयावरचा जवळजवळ तयार प्रयोगच आहे. पहिला क्रमांक इंडियानापोलिस कोल्ट्सचा होता. त्यांनी पेटन मॅनिंगला घेतलं. दुसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगो चार्जर्सनी रायन लीफला घेतलं. या दोघांत उजवा कोण, यावर तेव्हा जाणकारांमध्ये खरोखरच वाद होता.

हंगाम सुरू झाला आणि लीफने पहिले दोन्ही सामने जिंकले. मॅनिंग पहिले चारही हरला. पहिल्याच सामन्यात समोर मायामीचा डॅन मरीनो, म्हणजे त्या काळचा दिग्गज, आणि मॅनिंगने तीन इंटरसेप्शन दिली. वर्षअखेर त्याच्या नावावर 28 इंटरसेप्शन जमा झाली. रुकीने केलेला तो विक्रम ठरला, आणि अशा विक्रमाचं अभिनंदन कुणी करत नाही. संघाने सोळापैकी तीन सामने जिंकले. आदल्या वर्षीही तीनच जिंकले होते. वरवर पाहता वर्षभरात एक पाऊलही पुढे पडलं नव्हतं.

पण त्याच वर्षी त्याने 26 टचडाउन पासही दिले, तोही तेव्हा रुकीचा विक्रम होता. नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध शेवटच्या मिनिटात टचडाउन करून त्याने 24-23 असा सामना काढला. त्याहून महत्त्वाची गोष्ट कोल्ट्सनी केली : प्रशिक्षक जिम मोरा यांनी त्याला एकदाही बसवलं नाही. सोळाही सामने तोच खेळला. आक्रमणाची आखणी करणारे टॉम मूर पुढे कितीतरी वर्षं त्याच्याबरोबर राहिले. त्या 28 चुका संघाने शिकवणीची फी म्हणून भरल्या. पुढच्या वर्षी, 1999 मध्ये, त्याच कोल्ट्सनी तेरा सामने जिंकले. मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दोन वेगवेगळ्या संघांकडून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि 2021 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

लीफचं काय झालं? तिसऱ्या सामन्यात, कॅन्सस सिटीमध्ये, त्याने पंधरा पास फेकले आणि त्यातला एकच पोचला. कमाई चार यार्ड. त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये तो एका पत्रकारावर ओरडला, ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि देशभर दाखवलं गेलं. हंगामाच्या मध्यावर त्याच्या प्रशिक्षकालाच काढलं. नोव्हेंबरमध्ये लीफला बाकावर बसवलं. वर्षाचा हिशेब दोन टचडाउन, पंधरा इंटरसेप्शन. 1999 चा अख्खा हंगाम खांद्याच्या दुखापतीत गेला आणि 2002 मध्ये तो खेळातून बाहेर पडला. पुढे व्यसन, तुरुंगवास, आणि अलीकडच्या काळात व्यसनमुक्तीबद्दल उघडपणे बोलणारा वक्ता, असा त्याचा प्रवास आहे.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून नेहमी एकच तात्पर्य काढलं जातं : मॅनिंग कष्टाळू आणि शांत, लीफ उद्दाम, म्हणून एक तरला आणि एक बुडाला. लीफच्या वागण्याचं समर्थन मी करणार नाही, आणि तो स्वतःही करत नाही. तरीही हे तात्पर्य मला अपुरं वाटतं. ते का, हे सांगायला मला तिसरा खेळाडू लागतो.

2002 साली ह्यूस्टन टेक्सन्स हा नवा संघ लीगमध्ये खेळू लागला. ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक त्यांचा. त्यांनी डेव्हिड कारला घेतलं. पहिल्याच सामन्यात त्यांनी डॅलससारख्या शेजारच्या मातब्बर संघाला 19-10 असं हरवलं. ह्यूस्टनकर बेभान झाले. आणि मग उरलेलं वर्ष सुरू झालं. त्या हंगामात कारला 76 वेळा सॅक झाला. एका हंगामातला हा विक्रम आहे. मॅनिंगच्या पहिल्या वर्षी हाच आकडा 22 होता. दोघंही सोळा सोळा सामने खेळले होते.

क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जणांची फळी उभी असते. तिचं काम एवढंच की मागच्या माणसाला तीन सेकंद मिळवून द्यायचे. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळलेली असते, म्हणून डावीकडचा रक्षक, लेफ्ट टॅकल, सगळ्यांत मोलाचा. टेक्सन्सनी त्या जागेसाठी टोनी बोसेली या नामवंत खेळाडूला मोठ्या आशेने घेतलं होतं. खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळला नाही. कारची ती बाजू उघडीच राहिली.

सॅकचा सगळा दोष पुढच्या फळीचा नसतो, हे मान्य. चेंडू हातात धरून बसणारा क्वार्टरबॅक मार ओढवून घेतो, आणि मॅनिंग चेंडू लवकर सोडायचा. इंटरसेप्शनची जोखीम पत्करून सोडायचा. पण वर्षभरात 76 वेळा जमिनीवर आदळलेल्या माणसाची नजर हळूहळू बदलते. लांबच्या साथीदाराकडे बघायचं सोडून ती अंगावर येणाऱ्याकडे वळते. एकदा ही सवय जडली की कौशल्य असूनही खेळ आटतो. कारला कुणी उद्दाम म्हटलं नाही, आळशी म्हटलं नाही. 2005 मध्ये, चौथ्या वर्षीही, त्याला 68 वेळा सॅक झाला. पाच वर्षांनी ह्यूस्टनने त्याला सोडून दिलं.

आता एक गंमत लक्षात घ्या. पहिल्या वर्षी मॅनिंगच्या संघाने तीन सामने जिंकले आणि कारच्या संघाने चार. लीफने तर सुरुवातच विजयाने केली होती. म्हणजे पहिल्या वर्षाच्या निकालावरून पोरगं टिकेल की नाही हे कळत नाही. चुकीनंतर त्याला काय मिळालं, यावरून ते बरंच कळतं.

त्याच ह्यूस्टनमध्ये एकवीस वर्षांनी, 2023 मध्ये, सी. जे. स्ट्राउड आला. आदल्या वर्षी संघाने तीनच सामने जिंकले होते. स्ट्राउडही पहिले दोन सामने हरला. पण मुख्य प्रशिक्षक डिमेको रायन्स यांनी पोराच्या डोक्यावर तारणहाराचा टोप चढवला नाही. आक्रमण असं आखलं गेलं की त्याला पटकन आणि स्वच्छ निर्णय घेता यावेत. पूर्ण वर्षात त्याची इंटरसेप्शन फक्त पाच.

5 नोव्हेंबर 2023 चा टॅम्पा बेविरुद्धचा सामना आठवा, किंवा नातवाला विचारा. टेक्सन्सचा किकर मधेच जायबंदी झाला. किक मारायला माणूस नाही, तर डारे ओगुनबोवाले हा धावणारा गडी पुढे झाला आणि त्याने 29 यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला. मग टॅम्पाने टचडाउन करून 37-33 अशी आघाडी घेतली. घड्याळात 46 सेकंद. मैदान 75 यार्ड बाकी. स्ट्राउडने सहा डावांत ते कापलं आणि सहा सेकंद उरले असताना टँक डेलला टचडाउन पास दिला. निकाल 39-37. त्या दिवशी त्याने 470 यार्ड पास दिले, तेही एकही इंटरसेप्शन न देता. एका सामन्यातला रुकीचा तो विक्रम ठरला.

त्या 46 सेकंदांत स्ट्राउडने जगावेगळं काही केलं नाही. एक पास, मग दुसरा पास, प्रत्येक वेळी जो मोकळा दिसला त्याला. दबावाखाली शांत राहणं म्हणजे काही न वाटणं नव्हे. समोरचं काम हातात मावेल एवढं लहान करणं, असं मी त्याला म्हणेन. 75 यार्डांचा विचार केला तर हात थरथरतो. पुढच्या बारा यार्डांचा विचार केला तर थरथरत नाही. पण काम असं लहान करता यायला आधी कुणीतरी तीन सेकंद मिळवून द्यावे लागतात. त्या दिवशी ते पुढच्या फळीने दिले, आणि किकर नसताना ओगुनबोवालेने मिळवलेले तीन गुण नसते तर शेवटचा हिशेबच बदलला असता.

मग नवख्याला थोडं थांबवावं का? तोही मार्ग आहे. पॅट्रिक माहोम्स 2017 मध्ये जवळजवळ पूर्ण वर्ष अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला. दुसऱ्या वर्षी 50 टचडाउन पास देऊन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अ‍ॅरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्व्हच्या मागे बसला. पण मॅनिंग आणि स्ट्राउड पहिल्या दिवसापासून खेळले. म्हणून मुद्दा लवकर की उशिरा हा नाही. बसवला तर शिकण्यासाठी बसवला का, आणि उतरवला तर चुकांची तरतूद करून उतरवला का, हा आहे.

श्रोतेहो, आपल्याकडेही दर जूनमध्ये कुणीतरी नवी शिक्षिका वर्गात उभी राहते, कुणी नवा डॉक्टर रात्रपाळीला एकटा असतो, कुणी नवा अधिकारी तालुक्याला रुजू होतो. पहिल्या चुकीनंतर आपण लगेच त्याच्या स्वभावाची चिकित्सा सुरू करतो : याच्यात धमक नाही, हिचा कणा मऊ आहे. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपलं आवडतं वाक्य. ते खरंच आहे. फक्त ढकलणाऱ्याने काठावर थांबायचं असतं, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आपण सोयीने विसरतो.

नवख्याकडून मागण्यासारख्या गोष्टी आहेत, आणि त्या मागाव्यात. चूक झाल्यावर ती पुन्हा बघायची तयारी, चिडचिड इतरांवर न काढण्याचा संयम, पुढच्या डावाला पुन्हा उभं राहणं. लीफकडून हेच मागायला हवं होतं, आणि काही प्रमाणात मागितलंही गेलं. पण कारकडून आणखी काय मागणार? त्याच्यापुढची फळी उभी करणं हे त्याच्या हातात नव्हतं. ते निवडणाऱ्यांच्या हातात होतं.

म्हणून पुढच्या वेळी तुम्ही एखाद्या संस्थेत, शाळेत, कचेरीत निवड समितीवर बसाल, तेव्हा उमेदवाराला 'दबाव सहन होईल का?' असं जरूर विचारा. पण तो खोलीबाहेर गेल्यावर समितीतल्या प्रत्येकाने एक प्रश्न एकमेकांनाही विचारावा : या पोराच्या पहिल्या 28 चुका आपण भरणार आहोत का? उत्तर नाही असं येत असेल, तर कमतरता त्या उमेदवारात नाही, आणि जागा भरण्याची घाईही करू नये.