दंत महाविद्यालयांतल्या रिकाम्या जागा कोणाच्या?

(नीट दिलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आज मी बीडीएसबद्दल, म्हणजे दंतवैद्यकाच्या शिक्षणाबद्दल बोलणार आहे. आपल्या घरांत त्याचं नाव निघतं ते ‘एमबीबीएस नाही मिळालं तर’ या शब्दांनंतरच. खरं तर भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय १९२० साली कोलकात्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी सुरू केलं. त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, आपल्या देशात दंतवैद्यक दिन म्हणून पाळला जातो. कोलकात्यातच शिकलेल्या फातिमा जीना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दातांचा दवाखाना उघडला. पुढचं राजकारण बाजूला ठेवा. पण शंभर वर्षांपूर्वी मुंबईत एक मुस्लिम स्त्री दंतवैद्य म्हणून काम करत होती. हे क्षेत्र आपल्याला परकं नाही.

मग आज तिथं कोण जातं? बीडीएसला वेगळी प्रवेश परीक्षा नाही. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी या सगळ्यांसाठी नीट एकच. २०२५ मध्ये सुमारे २२ लाख विद्यार्थ्यांनी ती दिली आणि १२ लाख ३६ हजार पात्र ठरले. त्यांत मुली ७ लाख २२ हजार आणि मुलं ५ लाख १४ हजार. बीडीएसच्या वर्गांतही आज मुलांपेक्षा मुली जास्त दिसतात.

आता दुसरी बाजू बघा. २०२०-२१ मध्ये देशात बीडीएसच्या जवळपास ७ हजार जागा रिकाम्या राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. देशात दंतवैद्य पुरेसे आहेत, ६,०८० माणसांमागे एक आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या वर्षापुरती पात्रता दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं आणि खाजगी महाविद्यालयांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असंही सुचवलं. याचा अर्थ न्यायालयालाही अडचण नुसत्या गुणांची वाटली नाही, फीचीही वाटली.

जागा रिकाम्या राहण्याचं आणखी एक कारण आहे. एमबीबीएसच्या जागा २०१४ पूर्वी ५१ हजारांच्या आसपास होत्या, आज त्या दुपटीहून जास्त आहेत. पूर्वी जो विद्यार्थी बीडीएसकडे वळायचा, त्याला आता एमबीबीएस मिळतं. शिवाय बहुतेक दंत महाविद्यालयं खाजगी. भरमसाट फी भरून पदवी घ्यायची आणि सुरुवातीला दुसऱ्याच्या दवाखान्यात तुटपुंज्या पगारावर राबायचं, हे गणित पालकांना जमत नाही.

इथं आपला प्रश्न येतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुसलमान १४.२ टक्के आहेत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत मुस्लिम विद्यार्थी २१ लाखांच्या आसपास, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या पाच टक्क्यांहूनही कमी. एकीकडे जागा ओस पडतात आणि दुसरीकडे आपली पात्र ठरलेली मुलगी घरी बसते. मदत केंद्रावर बसल्यावर मला याची दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिलं कारण कागदपत्रं. महाराष्ट्रात मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा अनेक मुस्लिम जमाती ओबीसींत आहेत. पण आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुस्लिम’ लिहिलेलं असतं. ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. त्यानंतर जात पडताळणी, नॉन क्रीमी लेयर. प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर धावपळ केली, तर हे होत नाही.

हे कागद आता फार मोलाचे झाले आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मात्र प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. म्हणून ‘सीट करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. जी जागा फुकट मिळू शकते, तिच्यासाठी शेत किंवा दागिने विकू नका.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे पाच वर्षं. ‘मग लग्न कधी? हॉस्टेलवर कशी ठेवायची?’ हे प्रश्न मुलाच्या वेळी कोणी विचारत नाही. आणि पदवी घेतलेल्या मुलीही लग्नानंतर प्रमाणपत्र कपाटात ठेवतात, असं मी पाहिलं आहे. सासरी दवाखाना चालवू देणार का, हा प्रश्न मेहरची रक्कम ठरवण्याआधी विचारला गेला पाहिजे.

दवाखाना तरी कशासाठी? आपल्या मोहल्ल्यांत गुटखा, मावा, सुपारी खाऊन ज्यांचं तोंड दोन बोटंही उघडत नाही अशी तरुण पोरं आहेत. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि पुड्या तरीही मिळतात. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम लवकर ओळखता येते ती दंतवैद्याला. बायका तर मिश्री लावत दुखणं अंगावर काढतात; समोर बाई डॉक्टर असली की त्या तोंड उघडतात. पदवी घेतलेल्या या मुली मोठ्या शहरातच राहिल्या, तर मालेगाव-भिवंडीतल्या वस्त्यांना काय उपयोग?

प्रत्येकाने बीडीएसच करावं, असं माझं म्हणणं नाही. व्याजाने पैसे काढून तर मुळीच नको. पण सरकारी जागा किंवा फीमाफीची जागा मिळत असेल, तर ‘एमबीबीएस नाही, तर काहीच नाही’ म्हणत तिसऱ्यांदा नीट देण्याआधी विचार करा. आणि पसंतीक्रम भरताना मोबाइल मुलीच्या हातात द्या. पाच वर्षं तिला शिकायचं आहे.

बाहेरच्या टेबलावर आमचे कार्यकर्ते दाखल्यांची यादी घेऊन बसले आहेत. ती घेतल्याशिवाय कोणी घरी जाऊ नका.