पालकाचा हिशेब कोणी घ्यावा?

वडखळचा नाका कोंकणांत जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या महामार्गाला अलिबागचा फांटा येथेंच फुटतो. अशा ठिकाणच्या जमिनीला मोल यावें यांत नवल तें कोणतें?

आतां अशी कल्पना करावी, कीं या गांवच्या एका घरांत बावीस वर्षांचा एक तरुण आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक अपंगत्व आहे. वडील वारले, आई थकली. सातबाऱ्यावर मात्र त्याचें नांव लागलेलें आहे. त्याच्या वतीनें सही कोणी करावयाची? गांव सहज उत्तर देतो, "काका आहेत कीं!"

माणुसकीच्या व्यवहारांत हें उत्तर पुरतें. कायद्यांत पुरत नाहीं. मुलाला अठरा वर्षें पुरीं झालीं, कीं आईबापांचें नैसर्गिक पालकत्व संपतें, मग त्याची समज कितीहि असो. म्हणून संसदेनें १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. त्याप्रमाणें जिल्ह्याची स्थानिक स्तर समिति पालक नेमते. तींत जिल्हाधिकारी किंवा त्याहून खालच्या दर्जाचा नाहीं असा अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधि आणि एक दिव्यांग व्यक्ति असे तिघे बसतात. तीन महिन्यांतून एकदां तरी तिची बैठक व्हावी, असा नियम आहे. पालकाची गरज खरोखर आहे काय, आणि असल्यास कोणत्या कामापुरती, हें समितीनें आधीं पाहावयाचें असतें.

परंतु नेमणुकीचा कागद हातीं आला म्हणजे सर्व झालें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः खरें काम तेथून पुढें सुरू होतें. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत त्या तरुणाच्या स्थावर-जंगम मालमत्तेची यादी समितीस द्यावी लागते. पुढें दरवर्षीं, आर्थिक वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांत, जमा किती, खर्च किती व शिल्लक किती, याचा हिशेब सादर करावा लागतो.

भल्या काकांना यांत अपमान वाटण्याचें कारण नाहीं. देवस्थानचा हिशेब गांवसभेंत वाचून दाखवितात, तो पुजारी चोर आहे म्हणून नव्हे. ज्याचें धन आहे तो देव स्वतः विचारीत नाहीं, म्हणून चारचौघांनीं विचारावयाचें असतें. हा तरुणहि तसाच. त्यालाहि विचारतां येत नाहीं.

कोणी न विचारल्यास काय होतें, तें रायगड जिल्ह्यानें पाहिलें आहे. पनवेलजवळच्या एका आश्रयगृहांत राहणाऱ्या गतिमंद मुलींवर अत्याचार झाल्याचें २०११ सालीं उघडकीस आलें, आणि २०१३ सालीं न्यायालयानें दोषींस शिक्षा ठोठावली. शिक्षा झाली खरी. पण त्या बंद दारावर वेळींच कोणी थाप मारली असती, तर ती देण्याची वेळ आली नसती.

थाप मारण्याचा मार्ग कायद्यांत आहे. पालक त्या व्यक्तीचा छळ करतो, तिची हेळसांड करतो, किंवा तिच्या मालमत्तेचा अपहार करतो, असें दिसल्यास आईबाप, नातलग किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे अर्ज करूं शकते. खात्री पटल्यास समिति कारणें लिहून त्या पालकास दूर करते व दुसरा नेमते. दूर केलेल्या पालकासहि मालमत्ता व हिशेब सोंपवावा लागतो. शेजाऱ्याला स्वतः अर्ज करतां येत नसला, तरी त्याला एखाद्या नोंदणीकृत संस्थेचें दार ठोठावतां येतें. तेवढें त्यानें अवश्य करावें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें पालकत्व मर्यादित केलें आहे. पालकानें परस्पर निर्णय न घेतां, त्या व्यक्तीच्या इच्छेप्रमाणें, दोघांनीं मिळून तो घ्यावयाचा आहे. जमीन विकावयाची कीं ठेवावयाची, हें त्या तरुणास त्याच्या भाषेंत, त्याच्या गतीनें, पुन्हां पुन्हां विचारलें पाहिजे.

आईचा शेवटचा घोर एकच असतो : "माझ्यामागें याचें कसें?" प्रेमळ काका हें त्याचें अर्धें उत्तर आहे. त्या काकांना दरवर्षीं हिशेब मागणारीं माणसें, हें उरलेलें अर्धें.